लहान मुलांची एपिड्युरल : सुईचं टोक आणि बाकीचं सगळं

भूलवेडा

प्रौढांना रोज एपिड्युरल (पाठीतून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत बधिर करणारं औषध) देणारे हातसुद्धा लहान मुलाच्या पाठीशी आले की जरा बिचकतात. बिचकायलाच हवेत. मोठ्या माणसात कातडीपासून चार-पाच सेंटिमीटर आत सापडणारी जागा दोन वर्षांच्या मुलात दीड सेंटिमीटरच्या आसपास असते, नवजात बाळात तर सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी. त्यात मूल गाढ झोपलेलं. पायात कळ गेली, कानात घुमतंय, तोंडाला विचित्र चव येतेय, यातलं काहीही ते सांगणार नाही.

या विषयावर बोलणं निघालं की गाडी सुईच्या टोकाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून हा धागा. ब्रिटनमध्ये २००१ पासून पाच वर्षं मुलांच्या एपिड्युरलची देशपातळीवर नोंद ठेवली गेली, अहवाल २००७ साली आला. एकूण एपिड्युरल १०,६३३. त्यात सर्वांत गंभीर ठरलेल्या घटना पाच : दोन मुलांना एपिड्युरल जागेत गळू, एकाला मेनिंजायटिस, एकाला ड्युराला (मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला) भोक पडून उपचार करावे लागतील इतकी डोकेदुखी, आणि एकाला औषधाच्या चुकीमुळे कॉडा इक्वायनाची (मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडच्या नसांच्या जुडग्याची) इजा. पाचांपैकी सुईच्या टोकाच्या माथी मारता येईल अशी घटना एकच. तीन जंतुसंसर्गाच्या, एक औषधाची. तेव्हा हात बसलेला हवा हे खरंच, पण कुणाला द्यायची इथपासून कॅथेटर (पाठीत ठेवलेली बारीक नळी) निघेपर्यंतचं सगळंच तंत्रात धरायला हवं.

शरीररचनेपासून सुरुवात करतो. नवजात बाळात मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत खाली आलेला असतो. साधारण वर्षभरात तो प्रौढांच्या पातळीला, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी येतो. ड्युराची पिशवी प्रौढांत दुसऱ्या सॅक्रल (कमरेखालच्या) मणक्याशी संपते, बाळात तिसऱ्या-चौथ्याशी. कंबरेच्या दोन हाडांना जोडणारी रेघ मोठ्या माणसात चौथ्या लंबर (कमरेच्या) मणक्यावरून जाते, बाळात ती पाचव्या लंबर आणि पहिल्या सॅक्रल मणक्याच्या मधून जाते. हे खाली सरकणं आपल्या पथ्यावर पडतं, पण ते माहीत असेल तरच. शिवाय लिगामेंटम फ्लेवम (मणक्यांना जोडणारा, सुईच्या वाटेतला अस्थिबंध) मऊ असतं. मोठ्यांत जो 'टक्' असा निर्वाळा हाताला मिळतो तो इथे फार हलका असतो, कधी मिळतच नाही.

म्हणून सुई हातात घेण्याआधी खोलीचा आकडा काढायचा आणि मोठ्याने म्हणायचा. सहा महिने ते दहा वर्षं या वयात वजनाच्या दर किलोला १ मिलिमीटर हा सोपा हिशेब चालतो. पडताळ्याला दुसरं सूत्र आहे : वर्षांतल्या वयाची दुप्पट अधिक १०, उत्तर मिलिमीटरमध्ये. दोन्ही उत्तरं जवळपास आली तर ठीक. सुई त्या खुणेपाशी पोचली तरी काही हाताला लागत नसेल तर पुढे रेटू नये, दिशा चुकली आहे असं समजून मागे यावं. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण अंदाज बांधलेला माणूस वेळेत थांबतो.

बाकीचं चर्चेत येईलच. हा वैद्यकीय सल्ला नाही, सहव्यावसायिकांतल्या गप्पा आहेत. इतरांनीही बिनधास्त विचारावं.

सानूची_आई

मी डॉक्टर नाही. मुलीचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय आणि भूलतज्ज्ञांनी पाठीतल्या नळीबद्दल सांगितलं. बाळंतपणात मला एपिड्युरल दिली तेव्हा मी जागी होते, सारखं विचारत होते, 'पायात कळ जाते का?' मग मुलीला झोपवून का? ती काही सांगूच शकणार नाही ना?

स्पंदन

सानूची आई, प्रश्न अगदी योग्य आहे. हाच वाद आमच्यातही बरीच वर्षं चालला. मोठ्या माणसात 'जागं ठेवूनच द्या' असा आग्रह असतो, कारण ते सांगू शकतात. पण तीन वर्षांचं मूल सुई पाहून स्थिर बसेल ही अपेक्षाच चुकीची. टोक मज्जारज्जूपासून काही मिलिमीटरवर असताना मूल उसळलं तर जे होईल ते झोपेतल्या धोक्यापेक्षा वाईट. आणि लहान मूल 'कळ आली' हे नेमकं ओळखून सांगेल याचाही भरवसा नसतो.

आता याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांच्या पीआरएएन या नोंदणीचा २०१८ सालचा अहवाल एक लाखाहून अधिक ब्लॉक्सचा (नसा बधिर करणाऱ्या इंजेक्शनांचा) आहे, आणि त्यातले बहुतेक झोपलेल्या मुलांना दिलेले. कायमची मज्जासंस्थेची इजा एकही नाही. तात्पुरती इजा दर दहा हजारांत २.४. औषध रक्तात चढून गंभीर त्रास झाल्याचं प्रमाण दहा हजारांत ०.७६, आणि त्यातली बहुतांश तान्ही बाळं. अमेरिकन आणि युरोपियन रिजनल अ‍ॅनेस्थेशिया सोसायट्यांनी २०१५ सालीच संयुक्तपणे सांगितलं की मुलांना पूर्ण भूल देऊन ब्लॉक देणं हीच प्रस्थापित पद्धत मानावी.

एक मात्र आहे. हे आकडे सगळ्या प्रकारच्या ब्लॉक्सचे मिळून आहेत, एकट्या एपिड्युरलचे नव्हेत. फ्रेंच भाषक देशांतल्या १९९६ सालच्या मोठ्या पाहणीत २४,४०९ ब्लॉक्समध्ये २३ गुंतागुंती झाल्या, आणि त्या सगळ्या कण्यातल्या ब्लॉक्समधल्या होत्या. हातापायाच्या नसांच्या ब्लॉक्समध्ये एकही नाही. म्हणून 'देता येते म्हणून दिली' असं एपिड्युरलच्या बाबतीत करू नये.

जागरण

सर, मी रेसिडेंट आहे. आमच्याकडे दोन गट आहेत. एक सीनियर हवेने लॉस ऑफ रेझिस्टन्स (सिरिंजला होणारा विरोध अचानक सुटतो ती जागा) शोधतात, दुसरे सलाईनने. दोघेही म्हणतात तेच बरोबर. मुलांमध्ये काय करावं?

भूलवेडा

सलाईन. यात मी फारसा वाद घालत नाही.

हवेने जाणवतं चांगलं, हे हवावाल्यांचं म्हणणं मान्य. पण बाळाचं वजन चार किलो असताना सिरिंजमधली दोन-तीन मिली हवा एपिड्युरल शिरांतून आत गेली तर ती थोडी राहत नाही. तान्ह्या बाळात हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधली खिडकी बरेचदा पूर्ण मिटलेली नसते, म्हणजे बुडबुडा मेंदूकडे जायला वाट मोकळी. शिवाय हवेचा कप्पा राहिला की तेवढ्या भागात औषध पोचत नाही आणि ब्लॉक ठिगळं लावल्यासारखा येतो.

सलाईनचंही भान ठेवायला हवं. अर्धा-एक मिलीच्या वर नको. लहान जागेत जास्त ओतलं तर औषध पातळ होतं. आणि सुईतून स्वच्छ पाणी परत आलं की प्रश्न पडतो, आपलंच सलाईन की मणक्यातलं पाणी? अशा वेळी ग्लुकोमीटरच्या पट्टीवर थेंब टाका. सलाईनमध्ये साखर नसते, मणक्यातल्या पाण्यात असते. थेंब बोटाला कोमट लागतो का हेही काही जण बघतात, मला पट्टी जास्त पटते.

स्पंदन

हाताबद्दल थोडं लिहिते, कारण ते पुस्तकात सापडत नाही.

मूल डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. मान वाकवायची नाही. कमरेची वाक पुरते. मान दुमडली तर श्वासनळीतली ट्यूब सरकते किंवा दबते, आणि सगळे पाठीकडे बघत असताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. खांदे आणि कंबर टेबलाला काटकोनात आहेत ना हे पायाशी उभं राहून एकदा बघावं. मूल जरा पुढे कललेलं असेल तर तुमची 'सरळ' सुई तिरकीच जाणार.

सुई पाच सेंटिमीटरची, १८ किंवा १९ गेज जाडीची टूही (टोकाशी वाकलेली एपिड्युरलची सुई). मोठ्यांची लांब सुई नको, तिच्या शेपटाचं वजनच टोक हलवतं. कातडीला आधी साध्या जाड सुईने छोटं छिद्र करून घ्यावं, नाहीतर कातडी भेदायला लावलेला जोर एकदम सुटतो आणि टोक हवं त्याच्या दुप्पट आत जातं. मग डाव्या हाताच्या मागच्या बाजूचा पूर्ण टेका मुलाच्या पाठीवर. बोटांनी सुईचे पंख धरलेले, मनगट पाठीला चिकटलेलं. श्वासाबरोबर पाठ हलते तसा हातही हलला पाहिजे. सुई पुढे सरकवतो तो डावा हात. उजवा अंगठा फक्त सिरिंजच्या दट्ट्यावर एकसारखा दाब ठेवतो, ढकलत नाही. नवे लोक उजव्याने दाबत दाबत सुईच पुढे नेतात. प्रौढात ते खपून जातं.

मधल्या रेषेतूनच जावं. मुलांत मणक्यांची मागची टोकं मोठ्यांइतकी खाली झुकलेली नसतात, त्यामुळे छातीच्या पातळीवरही मधून वाट मिळते. बाजूने शिरायची गरज क्वचित पडते.

जागा सापडली की सुईवरची खूण वाचा आणि कुणाला तरी लिहायला सांगा. कॅथेटर आत तीन सेंटिमीटरच्या आसपास ठेवायचं. जास्त ढकललं की ते वेटोळं घालतं किंवा बाजूच्या छिद्रातून बाहेर पडतं, आणि मग एकाच पायाला बधिरता येते. कॅथेटर अडलं तर ते सुईतून मागे ओढायचं नाही, सुई आणि कॅथेटर दोन्ही एकत्र काढायचं. टूहीची धार कॅथेटर कापू शकते.

जागरण

मॅडम, हे प्रिंट काढून लावतोय. पुढचा प्रश्न टेस्ट डोसचा, म्हणजे औषध शिरेत तर जात नाही ना हे बघायला आधी द्यायच्या छोट्या डोसचा. झोपलेल्या मुलात तो भरवशाचा नसतो असं वाचलं. मग द्यायचा कशाला?

भूलवेडा

कारण दुसरं काही हातात नाही. मूल बोलत नाही, मग मॉनिटरला बोलतं करावं लागतं.

आधी ओढून बघायचं, पण रक्त आलं नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. बाळाच्या शिरा इतक्या नाजूक की ओढलं की मिटतात. कॅथेटरचं शेपूट पाठीच्या पातळीखाली धरून थोडा वेळ वाट पाहिली तर कधी रक्त आपोआप उतरतं.

मग टेस्ट डोस. अ‍ॅड्रिनॅलिन एकास दोन लाख या प्रमाणात घातलेलं औषध, किलोमागे ०.१ मिली. म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. मिनिट-दीड मिनिट डोळे पडद्यावर. सेव्होफ्ल्युरेन या श्वासातून द्यायच्या भुलीवर असलेल्या मुलात ठोके मिनिटाला १० ने वाढले, वरचा रक्तदाब १५ ने चढला, किंवा ईसीजीवरची टी वेव्ह एक चतुर्थांशाहून जास्त उंचावली, तर औषध शिरेत गेलंय असं समजायचं. मोठ्यांत वीसने ठोके वाढण्याची वाट बघतात, ती सवय इथे सोडायची. तिघांतली टी वेव्ह मला सर्वांत उपयोगी वाटते, पण त्यासाठी आधीच्या ईसीजीची पट्टी काढून ठेवलेली हवी. नंतर 'आधी कशी होती?' म्हणून एकमेकांकडे बघण्यात अर्थ नसतो. आणि सर्जनने त्याच मिनिटाला काही सुरू केलं तर ठोके कशाने वाढले हे कुणीच सांगू शकणार नाही. त्यांना थांबायला सांगा.

टेस्ट डोस स्वच्छ आला म्हणजे परवाना मिळाला असं नाही. उरलेला डोसही थोडा थोडा, मध्ये थांबत, दर वेळी ओढून बघत. प्रत्येक हप्ता हा टेस्ट डोसच. घाई करणाऱ्या सर्जनकडे पाठ करून उभं राहायचं.

कात्रीवाला

घाई करणारा सर्जन हजर आहे. पाठ दिसली. :)

थांबायला माझी हरकत नाही, कारण त्याचं फळ मला दिसतं : छातीच्या ऑपरेशननंतर चांगली एपिड्युरल असलेलं मूल खोल श्वास घेतं, खोकतं. नसलेलं मूल वरवर श्वास घेत पडून राहतं. पण एक विचारतो. आता तुमच्यातलेच काही जण इरेक्टर स्पायनीचा (पाठीच्या स्नायूखालचा) ब्लॉक देतात, मांडीचं हाड असेल तर नुसत्या नसेचा ब्लॉक. कण्यात शिरायची गरज किती उरलीय?

स्पंदन

कमी उरलीय, आणि ते चांगलं आहे. एका पायाचं ऑपरेशन असेल तर त्या पायाच्या नसेचा ब्लॉक. बेंबीच्या खालचं छोटं ऑपरेशन असेल तर कॉडलचा, म्हणजे माकडहाडाजवळच्या फटीतून द्यायचा, एकच डोस. इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ साली मांडला गेला, कण्यापासून लांब आहे म्हणून आकर्षक आहे, पण पोटातल्या अवयवांच्या दुखण्यावर तो दर वेळी सारखाच चालतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन्ही बाजूंची मोठी पोटाची चीर, छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया, मूत्राशयाची पुनर्रचना, अशा ठिकाणी एपिड्युरलची जागा अजून आहे.

आणि काही ठिकाणी नाहीच. रक्त गोठण्यात दोष, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग, सुईच्या जागी फोड किंवा पुरळ, मेंदूतला दाब वाढलेला, पालकांचा नकार. याशिवाय पाठ उघडी करून बघायची : नितंबांच्या फटीच्या वर खोल खळगा, केसांचा झुबका, चरबीची गाठ किंवा लाल डाग दिसला तर आत मज्जारज्जू खाली बांधला गेलेला असू शकतो. आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते आदल्या दिवशीच करायचं.

जागरण

नवजात बाळाच्या छातीच्या ऑपरेशनला थेट छातीत सुई घालायची, की कॉडलमधून कॅथेटर वर चढवायचं? सर, तुमचं मत?

भूलवेडा

मी कॉडलवाला. बोसेनबर्ग यांनी १९८८ साली तान्ह्या बाळांत दाखवून दिलं की माकडहाडाजवळच्या फटीतून घातलेलं कॅथेटर छातीपर्यंत नेता येतं. बाळाची एपिड्युरल चरबी जेलीसारखी सैल असते, कॅथेटर त्यातून सरकतं. सुई मज्जारज्जूच्या आसपासही जात नाही. वर्षाच्या पुढे मात्र ते अडखळतं. आणि कमरेतून छातीकडे चढवण्याचा प्रयत्न केला तर बहुधा तिथेच गोल फिरून बसतं.

स्पंदन

इथे मी थोडी वेगळी पडते. कॉडल सुरक्षित वाटतं, पण ती जागा लंगोटाच्या आत. शी झाली की ड्रेसिंग भिजलंच. तुमच्याच आकड्यांत पाचांपैकी तीन घटना संसर्गाच्या, मग संसर्गाला सर्वांत जवळची जागा निवडून 'सुरक्षित' कसं म्हणायचं? निवडलीच तर कॅथेटर कातडीखालून बोगदा काढून बाजूला, कमरेच्या वर न्यायचं.

दुसरं, वर ढकललं म्हणजे वर पोचलं असं नसतं. टोक कुठे आहे हे दाखवलंच पाहिजे. डाय टाकून एक्स-रे, नाहीतर कॅथेटरमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडून कुठले स्नायू हलतात ते बघणं, नाहीतर सोनोग्राफी.

भूलवेडा

बोगद्याचं मान्य. सोनोग्राफीचंही. पहिल्या काही महिन्यांत मणक्यांची मागची कमान पूर्ण हाड झालेली नसते, त्यामुळे ड्युरा, मज्जारज्जू, कधी कॅथेटरही, आणि सलाईन सोडलं की ड्युरा पुढे दबताना, हे सगळं दिसतं. मोठ्या माणसांवर सोनोग्राफी शिकलेल्यांना ते चित्र पाहून हेवा वाटेल. मूल मोठं होत गेलं की हाडं आड येतात. तरी सुईआधी नुसतं प्रोब ठेवून खोली मोजणं कुठल्याही वयात फुकट जात नाही. सूत्राचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळतो का ते बघायचं.

जागरण

एकदा पूर्ण हिशेब मांडून दाखवाल? दोन वर्षांचं, १२ किलोचं मूल धरू.

भूलवेडा

खोली : किलोने १२ मिलिमीटर, वयाने १४. म्हणजे १० मिलिमीटरपासून सावध, आणि १५ च्या पुढे 'मी कुठे चाललोय?' हा प्रश्न.

टेस्ट डोस : १.२ मिली, त्यात ६ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन.

पहिला डोस : ०.२ टक्के रोपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६ मिली. त्यात औषध १२ मिलिग्रॅम, किलोमागे १. टेस्ट डोसमधलं औषधही बेरजेत धरायचं. ब्युपिव्हाकेन या तशाच औषधाची कमाल मर्यादा किलोमागे २.५ मिलिग्रॅम म्हणून पाठ करतात, मी तिच्या आसपासही जात नाही. सर्जनने चिरेत टोचलेलं औषधही त्याच खात्यात जमा होतं, हे लोक हमखास विसरतात.

चालू ठेवायचा वेग : वर्षाच्या वरच्या मुलाला तासाला किलोमागे जास्तीत जास्त ०.४ मिलिग्रॅम. १२ किलोला ४.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ टक्क्याचं औषध तासाला ४.८ मिली हे छत. तीन महिने ते एक वर्ष ०.३, तीन महिन्यांखाली ०.२. बाळाच्या रक्तात औषधाला धरून ठेवणारं प्रथिन कमी असतं, यकृतही पिकलेलं नसतं, म्हणून औषध साठत जातं. तीन महिन्यांखालच्या बाळाला दोन दिवसांच्या पुढे चालू ठेवायला माझं मन होत नाही. दुखतंय म्हणून वेग छताच्या वर न्यायचा नाही. छताला टेकूनही दुखत असेल तर कॅथेटर चुकीच्या जागी आहे.

आणि खोलीत, कुलपात नव्हे, २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं चरबीचं पांढरं द्रावण). औषध रक्तात चढून ठोके बिघडले तर किलोमागे १.५ मिली, इथे १८ मिली, आणि मागोमाग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली, म्हणजे ३ मिली. अ‍ॅड्रिनॅलिन लागलं तर अगदी छोट्या मात्रेत. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरं असतं म्हणून ते लिपिडची जागा घेत नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

नटबोल्ट

मी इंजिनियर, चुकून इथे आलो आणि अडकलो. तुमच्या पाचांतली एक घटना औषधाच्या चुकीची. शिरेत जायचं औषध एपिड्युरलमध्ये किंवा उलटं, हे मुळात जोडताच येऊ नये असं करता येत नाही का? आमच्याकडे चुकीचा प्लग बसतच नाही.

भूलवेडा

करता येतं, झालंही आहे. आयएसओ ८०३६९-६ नावाचं मानक आहे, त्याप्रमाणे बनवलेली एनआरफिट जोडणी नेहमीच्या ल्युअर सिरिंजला बसत नाही. अडचण एवढीच की सुई, फिल्टर, सिरिंज, पंपाची नळी असा सगळा संच एकदम बदलावा लागतो. अर्धं बदललं तर लोक मध्ये अ‍ॅडॅप्टर शोधतात, आणि मग सगळं मुसळ केरात. जिथे अजून ल्युअर आहे तिथे पिवळी पट्टी असलेली नळी, मध्ये इंजेक्शनचं तोंड नसलेली, आणि एपिड्युरलसाठी वेगळा पंप. औषध दोघांनी वाचून जोडायचं.

जंतुनाशकाचंही याच खात्यात. क्लोरहेक्सिडीन मज्जातंतूंना विषारी आहे. ते सुईच्या ट्रेमध्ये वाटीत ओतून ठेवायचं नाही, कारण सलाईनही तसंच दिसतं. कातडीला लावून पूर्ण सुकू द्यायचं आणि वाटी टेबलावरून हलवायची.

रात्रपाळी_सिस्टर

सगळे ओटीतच अडकलात. मूल पुढचे तीन दिवस आमच्याकडे असतं.

आम्ही काय बघतो ते लिहिते. पाठीवर पारदर्शक ड्रेसिंग असेल तर दर पाळीला कॅथेटरवरची खूण वाचता येते. ओटीतून खुणेचा आकडा लिहून आला नसेल तर आम्ही कशाशी ताडून बघायचं? जागा लाल आहे का, ओली आहे का, दाबल्यावर मूल दचकतं का. ताप. लघवी झाली का. बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटणं यावर गुण देऊन मोजतो. भूक आणि ओला लंगोट यांनीही मूल रडतं, ते आधी तपासायचं.

पाय हलवता येतात का हे दर काही तासांनी. बधिर पाय एकाच जागी पडून राहिला की टाच लाल होते, मग कातडी जाते. टाचेखालचा आधार काढून पाय बदलत राहतो. पाय हलणं कमी झालं तर पंप बंद करून डॉक्टरांना फोन. औषध थांबवून काही तासांत पाय परत हलायला हवेत. नाही हलले तर एमआरआय होईपर्यंत आम्ही त्यांच्या मागे लागतो, रात्री दोन वाजतासुद्धा.

आणि एपिड्युरलमध्ये मॉर्फिनसारखं औषध मिसळलेलं असेल तर शिरेतून दुसरं तसंच औषध कुणी लिहायचं नाही. एकदा दोन टीमनी दोन कागदांवर लिहिलेलं माझ्या हातात आलं होतं. दिलं नाही.

कात्रीवाला

सिस्टरना नमस्कार. प्लॅस्टर घातलेल्या पायाचं? बधिरतेत कंपार्टमेंट सिंड्रोम (सुजेने स्नायूंवर दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटणं) झाकून जातो ही आमच्या ऑर्थोवाल्यांची कायमची भीती.

स्पंदन

भीती रास्त आहे, पण त्याच ब्रिटिश पाहणीत चार मुलांना कंपार्टमेंट सिंड्रोम झाला आणि चालू एपिड्युरलने एकाचीही लक्षणं झाकली नाहीत. अट एकच, औषध सौम्य हवं. ०.१ टक्क्यावर शांत असलेलं मूल अचानक कळवळू लागलं आणि डोस वाढवावा लागतोय, तर तो डोस वाढवण्याचा निरोप नसतो, पाय उघडून बघण्याचा असतो. घट्ट ब्लॉक देऊन पाय लाकूड केला तर मात्र ऑर्थोवाले बरोबर.

सानूची_आई

बरंच कळलं नाही, पण जे कळलं त्याने उद्या विचारायचे प्रश्न तयार झाले : पाठ तपासली का, रात्री कोण बघणार, पंप कुठला. शेवटचं विचारते. नळी काढताना दुखतं का? पुन्हा झोपवतात का?

रात्रपाळी_सिस्टर

झोपवत नाहीत. नळी शेवयीहूनही बारीक असते, निघताना कळतही नाही. रडवतं ते चिकटपट्टीचं. चिकटपणा घालवणारा पुसा लावून कडेपासून हळूहळू सोडवतो, त्याला दहा मिनिटं गेली तरी चालतं. मूल तुमच्या छातीशी कवटाळून बसलं की पाठ आपोआप वाकते, तीच स्थिती हवी असते. अडली तर ओढत नाही, मुलाला पुन्हा वाकवून बघतो. बाहेर आल्यावर टोक अखंड आहे ना हे तुमच्यासमोर बघून लिहितो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर वेळ डॉक्टर ठरवतात.

पंप बंद करण्याआधी तोंडावाटे द्यायचं वेदनाशामक दिलेलं असलं पाहिजे, ते विचारा. घरी गेल्यावर ताप, पाठीत वाढत जाणारं दुखणं, पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं, यातलं काही झालं तर वाट न बघता परत या. आणि सानूचा लाडका बाहुला किंवा जे काही असेल ते आणा, ओटीच्या दारापर्यंत नेऊ देतात का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.